जाक कुस्तो : समुद्राचा तळ दाखवणारा दर्यावर्दी

अंदमानात गेलेल्या पर्यटकाचा एक दिवस साधारणपणे ठरलेला असतो. श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, येथून सकाळी बोट निघते आणि स्वराज द्वीपाला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला पोहोचते. तेथून लहान होडीने एलिफंट बीच गाठला जातो. किनाऱ्यावरचा मुलगा हातात एक काचेचा मुखवटा आणि वाकडी रबरी नळी देतो, ती दातांत कशी धरायची ते दोन मिनिटांत शिकवतो आणि छातीभर पाण्यात नेऊन तोंड खाली घालायला सांगतो. पोहता न येणारा माणूसही त्या क्षणी प्रवाळांवरून फिरणारे पोपटी, पिवळे मासे पाहून हरखतो. लक्षद्वीपच्या कदमत बेटावर हेच घडते, मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातही हेच घडते.

हे सारे आज इतके सहज झाले आहे, की पाण्याखाली डोळे उघडून पाहणे ही कधीकाळी शोधून काढावी लागलेली गोष्ट होती, याचा विसर पडतो. मोत्यांसाठी आणि स्पंजांसाठी बुड्या मारणारे लोक पूर्वापार होते. परंतु सामान्य माणसाने केवळ पाहण्यासाठी समुद्रात उतरावे, ही कल्पना विसाव्या शतकात रुजली. ती रुजवणाऱ्यांमध्ये सर्वांत मोठे नाव फ्रेंच नौदल अधिकारी जाक-ईव्ह कुस्तो यांचे आहे. डोक्यावर लाल लोकरी टोपी, किडकिडीत अंगकाठी आणि मागे ‘कॅलिप्सो’ नावाचे पांढरे जहाज, ही त्यांची प्रतिमा दूरचित्रवाणीने जगभर नेली. मात्र ज्या समुद्राचे ते पुढे रक्षक मानले गेले, त्याच समुद्रात त्यांनी स्वतः सुरुंग उडवले होते आणि ते चित्रफितीवर नोंदवूनही ठेवले होते. कुस्तो यांचे चरित्र समजून घ्यायचे तर या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

कुस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्सच्या बोर्दो शहराजवळील सँत-आंद्रे-द-क्युब्झाक या गावी झाला. वडील धनाढ्य अमेरिकी गृहस्थांचे स्वीय सचिव असल्याने कुटुंबाची सतत भ्रमंती चाले. मुलगा प्रकृतीने तोळामासा होता. १९२० नंतर काही काळ हे कुटुंब न्यूयॉर्कमध्ये राहिले. तेव्हा सुट्टीतील शिबिरात तळ्याच्या तळाशी पडलेल्या फांद्या काढण्याचे काम या मुलाच्या वाट्याला आले आणि पाण्याखाली श्वास कोंडून धरण्याचा त्याचा पहिला सराव तेथे झाला. १९३० मध्ये त्यांनी ब्रेस्ट येथील नौदल प्रबोधिनीत प्रवेश मिळवला. त्यांना व्हायचे होते वैमानिक. परंतु १९३६ मध्ये मोटारीच्या भीषण अपघातात दोन्ही हात मोडले. एक हात कापावा लागेल, असा डॉक्टरांचा सल्ला होता. तो त्यांनी नाकारला. विमानोड्डाणाचे स्वप्न मात्र संपले.

हाताला बळ यावे म्हणून त्यांना तूलाँच्या नौदल तळाजवळ रोज समुद्रात पोहण्यास सुचवण्यात आले. तेथे फिलिप तायेझ या सहकारी अधिकाऱ्याने त्यांना मोती काढणारे वापरतात तसा चष्मा दिला. ल मुरियाँच्या किनाऱ्यावर तो डोळ्यांवर चढवून कुस्तो यांनी तोंड पाण्यात घातले. वर किनाऱ्याची वर्दळ, मोटारी, दिव्याचे खांब होते. खाली शेवाळ, खडक आणि मासे होते. नौदलात सहा वर्षे काढलेल्या माणसाने समुद्र आत डोकावून पाहिला, तो त्या दिवशी. फ्रेदेरिक द्युमा हा निष्णात बुडी मारणारा तरुण पुढे या दोघांना येऊन मिळाला. कामातून सुटका झाली की हे तिघे भाला घेऊन मासे मारत हिंडत. निसर्गरक्षणाचा विचार तेव्हा त्यांच्यापैकी कोणाच्याही मनात नव्हता.

१९३७ मध्ये कुस्तो यांचा विवाह सिमोन मेल्शियोर यांच्याशी झाला. सिमोन या नौदल अधिकाऱ्यांच्या घराण्यातील. वडील ‘एअर लिक्विड’ या औद्योगिक वायू बनविणाऱ्या कंपनीत उच्च पदावर होते. हे नाते पुढे फार महत्त्वाचे ठरले.

अडचण श्वासाची होती. नळी तोंडात धरून पोहणाऱ्याला पृष्ठभागाशी बांधील राहावे लागते. नळी लांब करून खोल जाता येईल असे वाटते, पण तसे होत नाही. पाण्यात दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. अर्धा मीटर खाली गेले तरी छातीवरचा भार इतका होतो, की वरची हवा आत ओढणे स्नायूंना फार जड जाते. म्हणून हवा सभोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाने मिळाली पाहिजे. ल प्रियर या फ्रेंच अधिकाऱ्याने दाबाखालील हवेचे नळकांडे पाठीवर घेण्याचा प्रयोग त्यापूर्वी केला होता, परंतु त्यात हवा सतत वाहून जाई. कुस्तो यांनी शुद्ध प्राणवायूचे यंत्र बनवून पाहिले. काही मीटर खोलीनंतर प्राणवायूच विषासारखा वागू लागतो, हे त्यांना झटके येऊन, जवळजवळ बुडून कळले. एकदा नव्हे, दोनदा.

याच सुमारास दुसरे महायुद्ध भडकले आणि फ्रान्स जर्मनीच्या टाचेखाली आला. पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एमील गान्यां या ‘एअर लिक्विड’च्या अभियंत्याने एक झडप तयार केली होती. इंजिनाला हवा तेवढाच गॅस ही झडप सोडत असे. सासऱ्यांच्या ओळखीने १९४२ च्या अखेरीस कुस्तो पॅरिसमध्ये गान्यां यांना भेटले. जी झडप इंजिनाला गॅस देते ती माणसाच्या फुप्फुसाला हवा का देणार नाही, असा तो सरळ प्रश्न होता. १९४३ च्या जानेवारीत थंडगार मार्न नदीत पहिली चाचणी झाली. आडवे पोहताना यंत्र उत्तम चालले. उभे राहिले की हवा वाया जाई, डोके खाली केले की श्वास अडखळे. उच्छ्वास बाहेर सोडणारे तोंड झडपेच्या पातळीला आणताच दोष दूर झाला. ‘अ‍ॅक्वा-लंग’ या नावाने पुढे जगभर गेलेले यंत्र ते हेच.

त्या वर्षी जूनमध्ये दक्षिण किनाऱ्यावरील बांदोल येथे समुद्रातली चाचणी झाली. द्युमा वाळूवर सज्ज बसले होते. सिमोन मुखवटा लावून, नळी तोंडात धरून पृष्ठभागावर तरंगत खाली पाहत होत्या. काही बिघडले तर खूण करण्याचे काम त्यांच्याकडे होते. कुस्तो खाली गेले, कोलांट्या मारल्या, एका बोटावर उलटे उभे राहिले आणि एका कपारीत शिरून तेथील शेवंड घेऊन वर आले. कुतूहलाने इतिहासाकडे पाहणाऱ्याला त्या सकाळी दोन गोष्टी एकाच ठिकाणी दिसतात : आधुनिक स्कूबाचा पहिला पाणबुड्या आणि त्याच्या डोक्यावर तरंगणारी, आजच्या पर्यटकासारखीच नळी धरलेली त्याची पत्नी. सिमोन पुढेही आयुष्यभर अशाच वरून लक्ष ठेवत राहिल्या.

युद्धकाळाची एक सावली कुस्तो घराण्यावर राहिली. थोरले बंधू पिएर-आंत्वान हे नाझींना अनुकूल असलेल्या साप्ताहिकाचे संपादक होते. १९४६ मध्ये त्यांना मृत्युदंड ठोठावण्यात आला. पुढे तो कमी होऊन १९५४ मध्ये त्यांची सुटका झाली. स्वतः जाक मात्र फ्रेंच नौदलाच्या गुप्तवार्ता विभागासाठी काम करत होते आणि त्याबद्दल त्यांचा सन्मानही झाला.

नव्या यंत्राने मोकळीक दिली तशी किंमतही वसूल केली. १९४६ मध्ये व्होक्ल्यूझच्या खोल झऱ्यात उतरलेले कुस्तो आणि द्युमा हवेत मिसळलेल्या विषारी वायूमुळे मरता मरता वाचले. पुढच्या वर्षी खोलीचा विक्रम करू पाहणारे सहकारी मोरिस फार्ग परत जिवंत आले नाहीत. ही खोली माणसाच्या मेंदूला झिंग आणते, हे ज्ञान अशा मोलाने मिळाले आहे. आजच्या प्रशिक्षण केंद्रांत खोलीच्या मर्यादा निमूटपणे पाठ केल्या जातात. त्यामागे असे मृत्यू आहेत.

१९५० मध्ये कुस्तो यांना जहाज मिळाले. अमेरिकेत बांधलेली, ब्रिटिश नौदलाने सुरुंग काढण्यासाठी वापरलेली आणि नंतर माल्टात प्रवासी वाहून नेणारी ही लाकडी नौका गिनेस घराण्यातील एका धनिकाने विकत घेतली आणि वर्षाला एक फ्रँक एवढ्या नाममात्र भाड्याने कुस्तो यांच्या हवाली केली. तीच ‘कॅलिप्सो’. तिची डागडुजी करताना पैसे कमी पडले, तेव्हा सिमोन यांनी घरचे दागिने विकले. नाकाशी पाण्याखाली काचेच्या खिडक्यांची एक खोली बसवण्यात आली. तेथे पालथे पडून पुढचा समुद्र पाहता येई. १९५१ मध्ये हे जहाज तांबड्या समुद्रात गेले आणि उष्ण कटिबंधातील प्रवाळांचे जग कुस्तो यांच्या नजरेस पडले. भूमध्य समुद्रावर वाढलेल्या माणसाला तो रंगांचा सोहळा नवाच होता.

मोहिमांना पैसा लागतो. १९५४ मध्ये ‘कॅलिप्सो’ने अबू धाबीच्या किनाऱ्यालगत एका ब्रिटिश तेल कंपनीसाठी सागरतळाची पाहणी केली. १९५८ मध्ये त्या समुद्रात तेल सापडले. समुद्राच्या रक्षणासाठी पुढे झगडणाऱ्या जहाजाचा खर्च काही काळ तेलाने भागवला, हे नमूद करायला हवे.

१९५४ आणि १९५५ च्या मोहिमांत हे जहाज हिंदी महासागरातील सेशेल्स द्वीपसमूहात बेटामागून बेट करत हिंडले. अल्डाब्राच्या शेजारी अझम्प्शन नावाचे एक सपाट प्रवाळबेट आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पक्ष्यांच्या विष्ठेचे खत खणून नेणाऱ्यांनी त्याचा पृष्ठभाग ओरबाडून काढला होता आणि समुद्रपक्ष्यांच्या वसाहती उद्ध्वस्त झाल्या होत्या. (भारतीय वाचकांना हे नाव अलीकडे वेगळ्याच संदर्भात परिचित आहे. येथे सुविधा उभारण्याबाबत भारत आणि सेशेल्स यांच्यात २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये करार झाला, परंतु सेशेल्समधील विरोधामुळे तो मार्गी लागला नाही.) जमिनीवर हे बेट भकास होते, भोवतीच्या पाण्यात मात्र माणसाला न बुजणारे मासे होते. पाणबुडे खाली उतरले की ते पळून जाण्याऐवजी जवळ येत. भाला घेऊन हिंडण्याची सवय असलेल्या या लोकांना असे स्वागत पूर्वी कधी लाभले नव्हते.

त्यांतल्या एका थोराड माशाने तर पाणबुड्यांशी मैत्रीच केली. कोकणात ज्याला हेकरू म्हणतात त्या कुळातला हा मासा मांसाच्या तुकड्यांच्या आशेने त्यांच्या मागेमागे फिरे, थोपटून घेई. इतर माशांचे चित्रण करताना तो मध्ये लुडबुडू लागला, तेव्हा शार्कपासून बचावासाठी आणलेल्या पिंजऱ्यात काही दिवस त्यालाच कोंडून ठेवावे लागले. फ्रान्समध्ये तो ‘जोजो’ या नावाने प्रसिद्ध झाला.

याच मोहिमांवर कुस्तो आणि तेव्हा विशीत असलेला लुई माल यांनी ‘द सायलेंट वर्ल्ड’ हा चित्रपट तयार केला. १९५६ मध्ये कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. माहितीपटाला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ; दुसऱ्यांदा तसे घडायला २००४ साल उजाडावे लागले. पुढे ऑस्करही मिळाले. प्रेक्षकांनी समुद्राचा तळ रंगांत पाहिला आणि ते थक्क झाले.

आज तोच चित्रपट पाहताना अंगावर काटा येतो. एका प्रवाळ खडकाजवळ सुरुंग उडवला जातो, कारण तेथे किती जातींचे मासे आहेत याची मोजदाद करायची असते. सुरुंगाने मासेमारी करणाऱ्यांना निवेदनात दूषण दिले जाते आणि शास्त्रज्ञांना मात्र दुसरा मार्ग नाही, अशी सबब पुढे केली जाते. मेलेले मासे वाळूवर मांडले जातात, फुगलेला केंडमासा पाण्यावर तडफडत असतो. पाणबुडे कासवाला धरून सफर करतात. एके ठिकाणी देवमाशांच्या कळपात शिरलेल्या ‘कॅलिप्सो’च्या पंख्यात एक पिल्लू सापडते आणि जखमी होते. त्याला गोळी घालून सोडवले जाते. रक्ताच्या वासाने शार्क जमतात आणि त्या पिल्लाचे लचके तोडतात, तेव्हा संतापलेले खलाशी आकड्यांनी शार्क वर ओढून कुऱ्हाडींनी त्यांची कत्तल करतात. पिल्लू मेले ते जहाजामुळे. शिक्षा मिळाली ती शार्कांना.

हा भाग त्या काळी कोणाला फारसा खटकला नाही. समुद्र अथांग आहे आणि तो कधी संपत नाही, अशीच जगाची धारणा होती. कुस्तो त्याच जगातले होते. फरक इतकाच, की ते त्याच त्याच ठिकाणी पुन्हा जात राहिले. पंधरा-वीस वर्षांपूर्वी माशांनी गजबजलेले भूमध्य समुद्रातील खडक त्यांना ओसाड दिसू लागले, तेव्हा त्याला ते स्वतःच साक्षी होते. त्या ओसाडीत भाले घेऊन उतरणाऱ्या हौशी पाणबुड्यांचा वाटा होता आणि त्या हौशी लोकांच्या पाठीवर कुस्तो यांचेच यंत्र होते.

१९५७ मध्ये नौदलातून निवृत्त होऊन ते मोनॅकोच्या सागरविज्ञान संग्रहालयाचे संचालक झाले. तीन दशके ते पद त्यांच्याकडे होते. १९६० मध्ये फ्रान्सच्या अणुऊर्जा यंत्रणेने किरणोत्सारी कचऱ्याची पिंपे भूमध्य समुद्रात बुडवण्याचे ठरवले. कुस्तो यांनी जाहीर विरोध केला, किनाऱ्यावरील जनता पेटून उठली आणि बेत सोडून द्यावा लागला. सरकारी सेवेत वाढलेल्या माणसाने सरकारविरुद्ध उभे राहण्याचा हा पहिला मोठा प्रसंग.

तरीही समुद्रावर ताबा मिळवण्याचे स्वप्न लगेच सुटले नाही. माणसाने समुद्रतळावर वस्ती करावी, अशी त्यांची तेव्हा धारणा होती. १९६३ मध्ये सुदानजवळ तांबड्या समुद्रातील शाब रूमी या प्रवाळखडकावर दहा मीटर खोलीवर ‘तारामासा’ नावाचे घर उभारण्यात आले आणि त्यात पाच जण महिनाभर राहिले. जेवण, तंबाखू, केशकर्तन, पोपट, सारे तेथे होते. सिमोन यांनीही तेथे काही दिवस काढले. या प्रयोगावरील चित्रपटाला पुन्हा ऑस्कर मिळाले. पुढे कुस्तो यांनी या वसाहतींचा नाद सोडला. घर काढून नेण्यात आले, पण जवळची लोखंडी शेड तेथेच राहिली. तिच्यावर प्रवाळ वाढले आणि पाणबुडे आजही ती पाहण्यास जातात.

१९६८ पासून अमेरिकी दूरचित्रवाणीवर त्यांची मालिका सुरू झाली आणि कुस्तो घराघरांत पोहोचले. शास्त्रज्ञांना त्यांच्या शैलीत नाट्य अधिक वाटे, आणि ती टीका निराधार नव्हती. चित्रणासाठी प्राण्यांना हाताळणे, प्रसंग रचणे हे प्रकार होत. परंतु १९७३ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या ‘कुस्तो सोसायटी’च्या मागे लाखो लोक उभे राहिले, ते या मालिकेमुळेच. १९९० च्या सुमारास अंटार्क्टिकात खाणकाम होऊ नये यासाठी त्यांनी फ्रान्समध्ये दहा लाखांहून अधिक सह्या जमवल्या. १९९१ च्या माद्रिद करारान्वये तेथील खाणकामावर बंदी आली. याच काळात त्यांच्या पथकाने अंदमानच्या बेटांवरही चित्रण केले.

बाहेर कीर्ती वाढत होती, घरात मात्र पडझड चालू होती. धाकटा मुलगा फिलिप हा त्यांचा वारस मानला जाई. २८ जून १९७९ रोजी लिस्बनजवळ तेजो नदीत उतरताना त्याचे विमान कोसळले आणि तो मरण पावला. या धक्क्यातून कुस्तो कधीच पूर्ण सावरले नाहीत. थोरला मुलगा जाँ-मिशेल वडिलांच्या मदतीला आला, पण पुढे दोघांचे बिनसले. फिजी बेटावर त्याने उभारलेल्या पर्यटन निवासाला कुस्तो हे नाव दिले, म्हणून वडिलांनी १९९६ मध्ये मुलावर दावा लावला. बेटे, निळे पाणी आणि मुखवटा-नळी यांचा व्यवसाय ज्या नावावर चालू पाहत होता, त्या नावाचा मालक कोण, असा तो वाद होता. अखेर निवासाच्या नावात जाँ-मिशेल हे पूर्ण नाव घालावे लागले.

सिमोन कधी कॅमेऱ्यासमोर फारशा आल्या नाहीत. ‘कॅलिप्सो’वर त्यांनी पतीपेक्षाही अधिक दिवस काढले; खलाशी त्यांना ‘मेंढपाळीण’ म्हणत, कारण कळप त्याच सांभाळत. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी कुस्तो यांनी फ्रान्सिन त्रिप्ले यांच्याशी विवाह केला. त्यांच्यापासून दोन मुले आधीच झाली होती. जानेवारी १९९६ मध्ये सिंगापूरच्या बंदरात एका बार्जची धडक बसून ‘कॅलिप्सो’ बुडाले. ते वर काढण्यात आले, परंतु पुन्हा मोहिमेवर गेले नाही.

२५ जून १९९७ रोजी पॅरिस येथे वयाच्या ८७ व्या वर्षी कुस्तो यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी हिंदी महासागराचे पाणी असाधारण तापले आणि सेशेल्स, मालदीव, लक्षद्वीप येथील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले. ते पाहण्यास कुस्तो नव्हते. समुद्रापासून दूर, जन्मगावच्या दफनभूमीत घराण्याच्या कबरीत त्यांना पुरण्यात आले. सिमोन यांची रक्षा मोनॅकोजवळ समुद्रात सोडण्यात आली होती.